कांद्याच्या टरफलांचं पाणी भुरीवर कोणी फवारलंय का? (काकडी, ३० गुंठे)

चांदवडचा_काकडीवाला

नमस्कार मंडळी, चांदवड तालुक्यातून लिहितोय. ३० गुंठे काकडी आहे, मल्चिंग न् ड्रिपवर, आज ३२ दिवसांची झाली, आणि शेजारच्या एकरात टोमॅटो लावायचाय म्हणून रोपं घरीच ट्रेमध्ये टाकलीत. आता विषय असा की आमच्यापासून ६-७ किलोमीटरवर कांदा सुकवायचं युनिट आहे, तिथला सुपरवायझर माझ्या मावसभावाचा दोस्त, तो म्हणतो टरफलं आणि शेंडे-बुडखे कितीही न्या, पैसा नको, फक्त ट्रॉली तुमची न् डिझेल तुमचं. त्यांच्याकडं ढीग लागलेत, वास सुटतो, माशा होतात, गाववाले रोज भांडायला येतात, म्हणजे गरज मला कमी न् त्यांनाच जास्त आहे असं समजा.

आणि नेमका गेल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला की कांद्याची टरफलं भिजवून ते पाणी फवारलं की भुरी, करपा, केवडा (पानांवरचे रोग) सगळं साफ, खर्च शून्य. एकाच पाण्यात सगळं साफ म्हटलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. पण काकडीच्या खालच्या पानांवर भुरीचे पांढरे ठिपके दिसायला लागलेत आणि गेल्या वर्षी नुसत्या भुरीवर मी पाच फवारण्या केल्या होत्या, त्यामुळे फुकटात काही जमत असेल तर बघायचंय. कोणी खरंच केलंय का? किती टरफलाला किती पाणी, किती दिवस भिजवायचं, उकळायचं का, स्टिकर (पाणी पानाला चिकटवणारं औषध) टाकायचं का? आणि रोपांना मर (रोपं कोलमडून मरतात तो रोग) लागू नये म्हणून तीच टरफलं बारीक करून कोकोपीटमध्ये मिसळली तर? यूट्यूबची लिंक नको प्लीज, स्वतः केलेलं सांगा.

गच्चीवरची_बाग

दादा मी करते हो, पण माझी शेती म्हणजे पुण्यात गच्चीवर ४० कुंड्या, ते आधीच सांगते नाहीतर हसाल. घरातल्या कांद्याची सालं आठवडाभर साठवते, दोन मुठी सालं एक लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी चहासारखं लाल पाणी होतं, ते गाळून स्प्रे बॉटलनी गुलाबावर आणि दुधी भोपळ्याच्या वेलावर. भुरी कमी होते असा माझा अनुभव, म्हणजे पानं स्वच्छ दिसतात. उकळत नाही, गॅस कशाला जाळायचा. दोन दिवसाच्या वर ठेवलं तर मात्र असा काही वास येतो की शेजारच्या काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं ड्रेनेज तुंबलंय म्हणून 😄

कृषीसेवा_काउंटर

माझं औषधांचं दुकान आहे त्यामुळे मी काय बोलणार ते तुम्ही धरूनच चाला. तरी सांगतो. ३२ दिवसांची काकडी, ठिपके दिसायला लागलेत म्हणजे खालून वर चढायला भुरीला आठवडा पुरतो. टरफलं भिजवत बसाल तोवर वेल पांढरा. पण एक गोष्ट कबूल करतो, पाण्यात विरघळणारं सल्फर सगळ्यात स्वस्त पडतं म्हणून लोक मार्चच्या उन्हात दुपारी काकडीवर मारतात आणि मग पानं भाजली म्हणून भांडायला माझ्याकडे येतात. काकडीवर्गाला कडक उन्हात सल्फर सोसत नाही, मारायचंच तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, डोस लेबलवर आहे तेवढाच.

आणि "शंभर टक्के नॅचरल, वनस्पतीजन्य बुरशीनाशक" लिहिलेल्या बाटल्या गावोगाव फिरतात त्यापासून लांब राहा. घरी भिजवलेलं पाणी स्वतःच्या शेतात मारा, तुम्हाला कोणी अडवत नाही. पण बुरशीनाशक म्हणून विकायचं तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते, लेबलवर नोंदणी क्रमांक लागतो. क्रमांक नसेल तर आत काय आहे ते देवच जाणे. द्राक्षवाल्यांना विचारा, नॅचरल म्हणून मारलं आणि रेसिड्यूमध्ये (फळावर उरलेल्या औषधाच्या तपासणीत) भलतंच निघालं की काय होतं.

निवृत्त_रोगशास्त्र

काकडीवाले, बाकी सगळं नंतर, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. त्या युनिटमध्ये सुकवतात तो कांदा लाल आहे का पांढरा?

उगाच विचारत नाहीये. मी वनस्पती रोगशास्त्र शिकवायचो आणि हे उदाहरण दरवर्षी वर्गात घ्यायचो, कारण कांद्याच्या टरफलात बुरशीविरुद्ध काहीतरी आहे हे व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधीचं ज्ञान आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनला जे. सी. वॉकर नावाचे रोगशास्त्रज्ञ होते, तिकडे पांढऱ्या कांद्यावर काळे धुरकट डाग पडायचे, कोलेटोट्रिकम जातीच्या बुरशीचे, आणि त्याच जमिनीतला लाल किंवा पिवळा कांदा मात्र स्वच्छ निघायचा. वॉकर आणि रसायनवाले कार्ल पॉल लिंक यांनी मिळून रंगीत कांद्याचे बाहेरचे सुके पापुद्रे तपासले, १९२९ मध्ये त्यातून प्रोटोकॅटेच्युइक आम्ल वेगळं काढलं आणि १९३३ मध्ये कॅटेकॉल. दोन्ही पाण्यात विरघळतात. पापुद्रा जमिनीतल्या ओलीने भिजला की ते बाहेर पाझरतात आणि शेजारी पडलेला त्या बुरशीचा बीजाणू रुजतच नाही. पांढऱ्या कांद्याच्या पापुद्र्यात हे नाही. गंमत म्हणजे लाल कांद्याचे सुके पापुद्रे सोलून काढले तर आतला गर पांढऱ्याइतकाच लवकर बळी पडतो, म्हणजे सगळी राखण त्या फेकून द्यायच्या टरफलाची. (हेच लिंक पुढे उंदराच्या औषधामुळे जगाला माहीत झाले, वॉरफरिन त्यांच्याच लॅबमधलं. विषयांतर झालं, सोडा.)

तर टरफलाचं पाणी ही कल्पना वेडेपणाची नाही, कांदा स्वतः तेच करतो. आता रंग सांगा.

चांदवडचा_काकडीवाला

सर पांढरा 😐 सगळा पांढरा. पावडर आणि फ्लेक्स पांढरेशुभ्र लागतात म्हणून लाल घेतच नाहीत ते.

निवृत्त_रोगशास्त्र

वाटलंच होतं. सुकवायला बहुतेक पांढराच घेतात, इथे काय, गुजरातेत महुव्याला काय. त्यामुळे ज्या टरफलात औषध आहे ती घराघरात मूठ-मूठ विखुरलेली आणि ज्याचे डोंगर एका जागी आयते मिळतात ती नेमकी बिनकामाची.

आणि नुसती बिनकामाची असती तरी चाललं असतं. सुकवण्यासाठी कांदा असा निवडतात की ज्यात पाणी कमी आणि घनपदार्थ जास्त, म्हणजे फ्रुक्टन (साखरेच्या साखळ्या) जास्त. तुम्हाला मिळणार त्यात सुकी टरफलं थोडी आणि शेंडे-बुडखे, ओला गर जास्त. ते भिजवून फवारलं तर तुम्ही पातळ साखरपाणी फवारताय. त्यावर मुंग्या येतील, काळी बुरशी वाढेल, भुरीला काही होणार नाही.

कोकोपीटमध्ये तर मुळीच मिसळू नका. मर आणणाऱ्या बुरश्यांना ओलं न कुजलेलं सेंद्रिय म्हणजे जेवणाचं ताट. शिवाय कांद्याच्या बुडख्यात बूड सडवणारं फ्युजॅरियम असतं, ते हाताने उचलून ट्रेमध्ये कशाला आणायचं?

येवल्याचा_भाऊ

सर एक शंका. लाल कांद्याच्या टरफलात एवढं औषध आहे म्हणता, मग आमच्या कांदाचाळीत लाल कांद्याला काजळी का येते? दरवर्षी येते. हाताला काळं लागतं. ती पण बुरशीच ना? का माझाच कांदा नालायक 😅

निवृत्त_रोगशास्त्र

भाऊ, कांदा नालायक नाही, प्रश्न मात्र फार लायक आहे, वर्गात कोणी विचारला असता तर मी खूश झालो असतो. काजळी म्हणजे अस्परजिलस नायजर, तिला हे फिनॉल (टरफलातली ती दोन रसायनं) काही करत नाहीत, ती लाल टरफलावर बसून आरामात वाढते. एका बुरशीचं विष दुसरीचं काहीच बिघडवत नाही, हे समजायला तुमची चाळच पुरेशी आहे. म्हणून "बुरशीनाशक" हा शब्दच मला खटकतो, कोणत्या बुरशीचं ते सांगा म्हणतो मी. व्हिडिओत भुरी, करपा आणि केवडा एका दमात सांगितलेत. त्यात केवडा तर खऱ्या अर्थाने बुरशीसुद्धा नाही, तो जीव शेवाळाच्या नात्यातला, त्यामुळे भुरीची औषधं त्याला बहुतेक लागत नाहीत. आणि करप्यावर तुमच्या लाल टरफलाने लॅबमध्ये काचेच्या बशीत काम केलं असलं तरी शेतात ऊन लागून ते फिनॉल बदलतात, दव-पावसाने धुऊन जातात, कांद्यावर टरफल कायमचं गुंडाळलेलं असतं तसं पानावर राहत नाही.

आता गच्चीवाल्या ताईंना एक नम्र प्रश्न. तुम्ही एखाद्या कुंडीवर नुसतं साधं पाणी फवारून बघितलंत का कधी?

गच्चीवरची_बाग

नाही 🙈 का?

निवृत्त_रोगशास्त्र

कारण भुरी ही विचित्र बुरशी आहे. बाकीच्यांना रुजायला पानावर पाणी लागतं, हिला साचलेलं पाणी सोसत नाही, बीजाणू पाण्यात फुगून फुटतात. म्हणून भुरी कोरड्या हवेत येते आणि गुलाबावर साध्या पाण्याचा जोरात फवारा मारला तरी बऱ्यापैकी कमी होते. तेव्हा तुमच्या गुलाबावर काम कोणी केलं, सालांनी का पाण्यानी, हे साध्या पाण्याची कुंडी शेजारी ठेवल्याशिवाय कळायचं नाही. घरगुती औषधांचे निम्मे चमत्कार भुरीवरचेच असतात, त्याचं कारण हेच असावं असा माझा जुना संशय आहे.

संगमनेर_पनीर

कांदा सोडा भाऊ, भुरीच असेल तर माझ्याकडचं ऐका. आमचं छोटं पनीर न् चक्क्याचं काम आहे, १०० लिटर दुधामागे ८० लिटरच्या वर निवळी उरते, ते हिरवट पाणी. आधी गुरांना पाजायचो, उरलेलं नालीत, आणि नालीत सोडलं की वास न् तक्रारी, तुमच्या कांदेवाल्यासारखंच. चार वर्षांपूर्वी घरच्या दोडक्याला मारून बघितलं, आता दरवर्षी मारतो. एक भाग निवळी, नऊ भाग पाणी, दर सात दिवसांनी, सकाळी ऊन यायच्या वेळेला. भुरी दिसायच्या आधीपासून मारलं तर पानं छान राहतात. एकदा पांढरी चादर पसरली की मग काही होत नाही, मग दुकान गाठायचं.

पहिल्या वर्षी मी केलेला गाढवपणा पण ऐका. जास्त टाकलं तर जास्त गुण येईल म्हणून अर्धी निवळी अर्धं पाणी केलं, त्यात साय-चोथ्याचे कण होते, गाळलं नव्हतं, नोझल तर चोंदलंच पण पानांवर थर बसला आणि त्या थरावर काळपट बुरशी आली, दोन दिवस प्लॉटजवळ उभं राहवत नव्हतं. बायको म्हणाली दोडका विकायचाय का श्रीखंड. तलम कापडातून दोनदा गाळा, त्याच दिवशी वापरा, पंप लगेच धुवा. मीठ घातलेल्या चीजचं पाणी असेल तर नको, पानं करपतात.

ताकात तांब्याचा तुकडा टाकून आठ दिवस आंबवून मारणारे पण आहेत आमच्याकडे. ते लागू पडतं, पण का ते बघा, आंबट ताकात तांबं विरघळतं, म्हणजे तुम्ही घरीच तांब्याचं औषध केलं, फक्त किती झालं ते कोणालाच माहीत नाही. माझ्या चुलत्यांनी वांग्याची कोवळी पानं जाळून घेतलीत त्यानी.

निवृत्त_रोगशास्त्र

पनीरवाले, तुमच्या अनुभवाला चांगला आधार आहे. ब्राझीलमध्ये वॅग्नर बेटिओल यांनी १९९९ मध्ये झुकिनीवरच्या भुरीवर, म्हणजे काकडीच्याच कुळात, पाण्यात दूध मिसळून फवारलं, १० टक्के आणि त्याहून जास्त प्रमाणाला नेहमीच्या बुरशीनाशकाच्या तोडीचा परिणाम मिळाला. ते काचघरात होतं हे लक्षात ठेवा. नंतर ऑस्ट्रेलियात ॲडलेडला पीटर क्रिस्प आणि मंडळींनी द्राक्षाच्या भुरीवर दूध आणि निवळी दोन्ही तपासली आणि २००६ मध्ये ते कसं चालतं यावर लिहिलं. उन्हात निवळीतून ऑक्सिजनचे मुक्त कण तयार होतात, ते भुरीचे धागे चिरडून टाकतात, शिवाय दुधातलं लॅक्टोफेरिन हे प्रथिन बीजाणूंना त्रास देतं. तुम्ही "ऊन यायच्या वेळेला" म्हणालात ते म्हणूनच बरोबर आहे, संध्याकाळी मारलं तर अर्धं काम वाया. युरोपियन युनियनने २०१६ मध्ये निवळीला पीक संरक्षणासाठी मूलभूत पदार्थ म्हणून मान्यतासुद्धा दिली, त्यामुळे निर्यातवाल्यांनाही रेसिड्यूची धास्ती नाही.

भुरी पानाच्या वर उघड्यावर राहते, मुळासारखे शोषक फक्त वरच्या थरात घुसवते, म्हणून असली हलकी औषधं तिला लागू पडतात. टोमॅटोचा करपा पानाच्या आत शिरलेला असतो, त्याला निवळी मारून काही उपयोग नाही, तिकडे वेळ घालवू नका.

सांगोला_भगवा

आमच्याकडे डाळिंबाचे दाणे काढायचं काम चालतं तिथे सालीचे ढीग असतात, फळाच्या वजनात निम्म्याच्या आसपास सालच. आमच्या पोरांनी ती साल उकळून डाळिंबावरच तेल्यासाठी मारली. शून्य.

निवृत्त_रोगशास्त्र

शून्यच येणार, तेल्या जिवाणूजन्य आहे, बुरशी नाहीच ती. पण साल टाकाऊ म्हणू नका, तिच्यात टॅनिन ठासून भरलंय, प्युनिकॅलॅजिन वगैरे. इटलीत डाळिंब सालीच्या अर्कावर बरंच काम झालंय, ते मुख्यतः तोडलेल्या फळांवर, संत्रावर्गातली हिरवी बुरशी, चेरीवरची राखी बुरशी. म्हणजे शेतात नाही, पॅकहाऊसमध्ये. तिथे ऊन नाही, पाऊस नाही, फळ एकदा बुडवून काढलं की झालं, म्हणून जमतं. आणि तो अर्क अल्कोहोलमध्ये काढून आटवलेला असतो, पातेल्यातला काढा नाही.

वेंगुर्ल्याचो_काजूवालो

आमची पण ऐका मग. काजूगर काढल्यावर टरफलाची रास उरते, त्यात जे तेल असतं ते आमच्याकडे होडीला, मांगराच्या वाशांना लावतात, वाळवी येत नाही, बुरशी पण धरत नाही. हे बघून मुंबईहून गावाला परतलेल्या एका दोस्ताने डोकं लढवलं, लाकडावर बुरशी येत नाही तर सुपारीवर पण येणार नाही, कोळे रोगाला (पावसात सुपारी सडवतो तो) मारूया. तेल साबणाच्या पाण्यात फेटलं आणि पंपात घातलं. आजी सांगत होती, तेका हात लावू नको रे, भाजतला. ऐकलं नाही. दोन्ही हात, मान, आणि जिथे खाजवलं तिथे सगळीकडे फोड, पंधरा दिवस घरात. झाडाची पानं पण भाजली ती वेगळीच. बिब्बा उततो तसंच ते, एकाच कुळातली झाडं ना दोघं.

वस्तू खोटी नाही म्हणा, त्यातलं ॲनाकार्डिक आम्ल बुरशीला मारतं, पण काजू भाजून फोडला तर ते आम्ल उष्णतेने बदलून कार्डॅनॉल होतं, मग तो गुण पण उतरतो. लाकडाला लावा बिनधास्त, ब्रशने, हातमोजे घालून. झाडावर नको.

येवल्याचा_भाऊ

बिब्ब्याचं नाव काढलंत, वाचूनच अंगाला खाज सुटली 😂 बरं सर, काकडीवाल्याला ती फुकटची ट्रॉली मिळतेय त्याचं मग काहीच करायचं नाही का? फुकट आहे म्हणून जीव जळतोय माझा.

निवृत्त_रोगशास्त्र

करायचं ना. कुजवायचं. पांढऱ्या कांद्याचा कचरा म्हणजे औषध नाही, खाणं आहे, मग चांगल्या बुरशीला खायला घाला. कचरा आणि शेण थर-थर लावून ढीग, ओल राखायची, पंधरा दिवसांनी पलटी, ढीग आतून हात लावता येणार नाही एवढा तापला पाहिजे म्हणजे फ्युजॅरियम, काजळी, किडीची अंडी जे काय आलं असेल ते मरतं. कडेचा थंड भाग पलटीत आत गेला पाहिजे, लोक इथेच आळस करतात. ढीग पूर्ण थंड झाल्यावर, आधी नाही, १०० किलो खताला १ किलो ट्रायकोडर्मा (हीच ती चांगली बुरशी), सावलीत, गोणपाट ओलं टाकून पंधरा दिवस, मध्ये दोन-तीनदा हलवायचं. ते टोमॅटोच्या बेडमध्ये टाका. मर रोगावर टरफलाच्या पाण्यापेक्षा याचा भरवसा जास्त. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) मिळत असेल तर ती अर्धी मिसळली तरी उत्तम, ट्रायकोडर्मा तिच्यावर झकास वाढतो. तेवढा कांद्याच्या शेतात मात्र हा ढीग कच्चा कधी नेऊ नका, कांद्याचा रोग कांद्यालाच परत.

जाता जाता एक सांगतो, थंड प्रदेशात कांद्याला पांढरी कुज येते, तिच्या काळ्या गाठी जमिनीत वीस-वीस वर्षं झोपून राहतात आणि फक्त कांदा-लसणाचा वास आला की जाग्या होतात. तिकडच्या लोकांनी काय केलं, रिकाम्या रानात त्या वासाचं रसायन सोडलं. गाठी उठल्या, बघतात तर कांदा कुठेच नाही, उपाशी मेल्या. बुरशीला फसवायचा याहून सुंदर प्रकार मी नोकरीत दुसरा पाहिला नाही.

आणि काकडीवाले, प्रयोग करायचाच असेल तर नीट करा. चार ओळी वेगळ्या धरा. एकीवर काहीच नाही, एकीवर साधं पाणी, एकीवर निवळी, एकीवर तुमच्या घरच्या लाल टरफलाचं ताजं पाणी, १ किलो सुकी टरफलं १० लिटरला रात्रभर. चारी एकाच दिवशी, एकाच पंपाने. बाकी प्लॉटला तुमचं नेहमीचं चालू द्या, माझ्या हौसेपायी पीक घालवू नका.

कृषीसेवा_काउंटर

साधं पाणी मारायला मजूर लावणारा पहिला शेतकरी बघायचाय मला.

चांदवडचा_काकडीवाला

बघा मग, लावला मजूर 😀 म्हणजे मीच. धागा वर आणतोय, २४ दिवस झाले.

सर म्हणाले तसं चार ओळी धरल्या, बाकी प्लॉटला संध्याकाळचं सल्फर दोनदा. निवळी आमच्याच गावच्या डेअरीवाल्याकडून आणली, तो आधी हसला, मग म्हणाला रोज ने. तीन फवारण्या झाल्या, दर आठवड्याला एक. काल प्रत्येक ओळीतली मधल्या उंचीची २० पानं डोळे मिटून तोडली (बायको म्हणाली असंच लॉटरीचं तिकीट काढलं असतं तर) आणि भुरीचा ठिपका असलेली मोजली. काहीच नाही त्या ओळीत २० पैकी १७. साध्या पाण्याची १२. लाल टरफलाची ११. निवळीची ५. सल्फरच्या प्लॉटमधली ४, पण तिथे सात-आठ वेलांची पानं कडेने भाजली, एक दिवस मला उशीर झाला होता मारायला आणि दुसऱ्या दिवशी ऊन मरणाचं.

म्हणजे लाल टरफलं न् साधं पाणी सारखंच. गच्चीवाल्या ताई, सॉरी.

टोमॅटोची रोपं साध्या कोकोपीटमध्येच ठेवली, काही मिसळलं नाही. कांद्याच्या दोन ट्रॉल्या आणल्या, बांधावर शेणाबरोबर ढीग लावलाय, तापलाय चांगला, पहाटे वाफ निघते. सुपरवायझरचा रोज फोन येतो, अजून ने, अजून ने. वडील म्हणतात गावातला सगळा कचरा तू आणि तुझा मोबाईल मिळून घरी आणणार.

निवृत्त_रोगशास्त्र

शाब्बास! आता परीक्षकाची सवय जात नाही म्हणून, निवळीची ओळ प्लॉटमध्ये कुठे होती? एकच ओळ म्हणजे एकच ओळ, ती सावलीत किंवा कडेला असेल तर आकडा फसवतो.

चांदवडचा_काकडीवाला

बांधाकडून दुसरी 😬 आणि काहीच नाही वाली एकदम मधली. बांधाला शेवरी आहे, दुपारनंतर थोडी सावली पडते तिथे.

निवृत्त_रोगशास्त्र

सावलीत भुरी उलट जास्त वाढते, त्यामुळे निवळीचा आकडा त्यातल्या त्यात खरा धरायला हरकत नाही. पण पुढच्या प्लॉटला प्रत्येकाच्या तीन-तीन ओळी, चिठ्ठ्या टाकून जागा ठरवा, तुमच्या सोयीने नाही.

गच्चीवरची_बाग

सॉरी काय दादा, मी कालपासून तीन गुलाबांवर साधं पाणी, तीनांवर सालांचं, तीनांवर ताकाच्या निवळीचं सुरू केलंय, कुंड्यांवर नंबर टाकलेत. ताकाचं पाणी चालेल ना, का पनीरचंच पाहिजे?

संगमनेर_पनीर

चालेल ताई, मीठ-जिरं घातलेलं तेवढं नको 😄 आणि काकडीवाले, तीन-तीन ओळी करणार असाल तर निवळीसाठी कॅन स्टीलचा किंवा स्वच्छ प्लास्टिकचा घ्या, औषधाचा जुना ड्रम नको. मी एकदा तोही गाढवपणा केलाय, तो परत कधीतरी सांगतो.